पंचावन्न वर्षांचे शिष्यत्व : गुरुदेव रा. द. रानडे

गुरू हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळलेला आहे की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची वेळ सहसा कुणावर येत नाही. मुंज लावणारे गुरुजी, शाळेतले गुरुजी, तालमीतले वस्ताद, गाणे शिकविणारे बुवा, आणि देवघरातील ज्यांच्या तसबिरीला दर गुरुवारी हार घातला जातो ते सद्गुरू, अशी ही मोठी नामावळी आहे. पैकी पहिल्या चौघांपुढे मान लववताना शिकलेल्या माणसाला अवघड वाटत नाही. ते काय देतात ते डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते. अडचण येते ती पाचव्यापाशी. तिथे जे मिळावयाचे ते आधी दिसत नाही, मोजता येत नाही; आणि विश्वास मात्र आधी टाकावा लागतो. मग आपल्यापैकी काहीजण डोळे मिटून पायांवर लोळण घेतात आणि काहीजण सगळेच थोतांड म्हणून पाठ फिरवतात. दोन्ही मार्गांत एक सोय आहे : विचार करावा लागत नाही.

या दोन्ही सोयी नाकारून, उभे आयुष्य तर्काच्या अभ्यासात घालवूनही जो अखेरपर्यंत शिष्य राहिला, असा एक मराठी तत्त्वज्ञ गेल्या शतकात होऊन गेला. रामचंद्र दत्तात्रेय रानडे हे त्यांचे नाव. विद्यापीठांत ते प्रोफेसर रानडे होते. विजापूरकडच्या खेड्यापाड्यांतून आणि पुढे सर्वत्र ते गुरुदेव रानडे झाले. या दोन नावांच्या मधले अंतर त्यांनी कसे चालून काढले, हीच त्यांची जीवनकथा होय.

दोन भाषांचे गाव

३ जुलै १८८६ रोजी जमखंडी येथे त्यांचा जन्म झाला. जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान. दरबारची भाषा मराठी, बाजाराची कानडी. घरात अभंग आणि रस्त्यावर वचने, असे ते वातावरण. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी कुटुंबांना हे चित्र निराळे समजावून सांगावयास नको. आपल्या भाषेचा अभिमान आणि शेजारच्या भाषेशी घरोबा या दोन गोष्टी अशा गावांत एकमेकींच्या आड येत नाहीत. रानड्यांच्या पुढच्या आयुष्यात ज्ञानेश्वर-तुकारामांच्या पंक्तीला कानडी शरण आणि दास आणि उत्तरेकडील कबीर-तुलसीदास सहज येऊन बसले, त्याचे बी बहुधा याच मातीत पडले असावे. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि आज जमखंडी कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे.

शाळेत रामभाऊ हुशार म्हणून नावाजलेले होते. मॅट्रिकच्या परीक्षेच्या आदल्या वर्षी, १९०१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी एक अशी गोष्ट घडली की जिच्याकडे त्या वेळी गावातील फार लोकांचे लक्षही गेले नसेल. उमदी येथील भाऊसाहेब महाराजांपासून त्यांनी नाम घेतले.

उमदीचे देशपांडे

भाऊसाहेब महाराज म्हणजे जत संस्थानातील उमदी गावचे व्यंकटेश खंडेराव देशपांडे. जन्म १८४३ चा. त्यांचे गुरू निंबर्गीचे महाराज हे जातीने लिंगायतांपैकी, धंदा कापड रंगविण्याचा आणि मेंढरे राखण्याचा, भाषा कानडी. वतनदार देशपांड्याने एका मेंढरे राखणाऱ्यापुढे बसून नाम घ्यावे, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात आज वाटते तितकी सोपी नव्हती. ज्यांनी भाऊसाहेबांना निंबर्गीची वाट दाखवली ते चिम्मडचे रघुनाथप्रिय साधू महाराजही याच परंपरेतले. निंबर्गीकर महाराजांनी १८८५ साली देह ठेवला. भाऊसाहेबांनी पुढे विजापूरकडे इंचगेरी येथे मठ उभारला आणि त्या गावाच्या नावाने हा संप्रदाय ओळखला जाऊ लागला.

या संप्रदायाची रीत साधी आहे आणि म्हणूनच अवघड आहे. त्यात वेष पालटावा लागत नाही, प्रपंच टाकावा लागत नाही. गुरू जे नाम देतो त्याला सबीज नाम म्हणतात. कुठल्याही पोथीत छापलेले नाम आणि गुरूने आपल्या साधनेतून दिलेले नाम यांत, या परंपरेच्या मते, भाजलेल्या आणि पेरणीच्या दाण्याइतका फरक आहे. दाणे दिसायला सारखेच, पण उगवतो तो एकच. मात्र पेरून झाल्यावर पाणी घालावयाचे ते शिष्याने. रोजचे ध्यान, तीन वेळचे भजन आणि दासबोधाचे वाचन हा नेम. त्यात सुटका नाही. कानडी मुलखाच्या मध्यभागी, ज्यांची घरची भाषा कानडी अशी माणसे समर्थांचा मराठी दासबोध रोज वाचीत आली आहेत, ही गोष्ट आपण मराठी मंडळींनी जरा थांबून मनात घोळवण्यासारखी आहे.

संशयाचा आजार

नाम घेतले, १९०२ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तम तऱ्हेने पार पडली आणि रामभाऊ पुण्यास डेक्कन कॉलेजात गेले. आरंभी त्यांचा ओढा गणिताकडे होता. गणिती बुद्धीला सिद्धतेवाचून चैन पडत नाही. अशा बुद्धीच्या मुलाने खेड्यातील एका महाराजांकडून घेतलेले नाम कॉलेजच्या पहिल्याच वर्षी गुंडाळून ठेवले असते तर त्यात नवल नव्हते. त्या पिढीतील कितीतरी तरुणांनी मिल्ल-स्पेन्सर वाचून जानव्यापासून देवघरापर्यंत सगळ्यालाच निरोप दिला होता.

रानड्यांच्या बाबतीत उलट क्रम झाला. १९०९ च्या सुमारास त्यांना एका जिवावरच्या दुखण्याने गाठले. त्या काळात ध्यानाकडे ते अधिकच वळले आणि काही अनुभव येऊ लागले. पुढे त्यांनी आपल्या विचारांच्या वाटचालीवर जो निबंध लिहिला, त्यात या क्रमाची स्पष्ट कबुली आहे : आधी अनुभव आला आणि त्याला बुद्धीचा आधार सापडतो की नाही, हे पाहण्यासाठी ते तत्त्वज्ञानाकडे वळले. राधाकृष्णन आणि म्यूरहेड यांनी १९३६ साली संपादित केलेल्या समकालीन भारतीय तत्त्वज्ञानावरील इंग्रजी ग्रंथात हा निबंध आहे.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. तत्त्वज्ञान शिकून देवाकडे जाणारे पुष्कळ. तत्त्वज्ञान शिकून देव सोडणारे त्याहून पुष्कळ. आपल्याला जे गुरूकडून लाभले ते खरे की भासमान, याची शहानिशा करण्यासाठी तत्त्वज्ञान शिकावयास बसणारा विरळा. गुरूने दिले ते खोटे ठरले असते तर? ही जोखीम त्यांनी पत्करली. श्रद्धा आंधळी असती तर तिला ही शहानिशा नकोशी वाटली असती.

१९१४ साली ते तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाले, पहिल्या क्रमांकाने. आणि त्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेजात अध्यापक झाले. पण त्याच वर्षाच्या आरंभी इंचगेरीस भाऊसाहेब महाराजांनी देह ठेवला होता. शिष्य सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता आणि ज्याला काही विचारावे तो माणूस आता उरला नव्हता.

निंबाळचे माळरान

गुरूच्या पश्चात शिष्यांची जी पांगापांग होते ती येथे झाली नाही. वाटा मात्र अनेक फुटल्या. गिरिमल्लेश्वर महाराज, अंबुराव महाराज, सिद्धरामेश्वर महाराज हे सारे एकाच गुरूचे शिष्य. सिद्धरामेश्वरांच्या शाखेत पुढे मुंबईला विड्यांचे दुकान चालविणारे निसर्गदत्त महाराज झाले आणि त्यांच्या माडीवर साता समुद्रापलीकडून जिज्ञासू येऊन बसू लागले. एकाच झाडाच्या एका फांदीवर दुकानदार आणि दुसऱ्या फांदीवर प्रोफेसर. झाडाला त्याचे काही वाटले नाही.

रानड्यांनी आपले मोठेपण जिगजीवणीच्या अंबुराव महाराजांकडे सोपवले. अंबुरावांच्या नावामागे कोणतीही पदवी नव्हती, आणि ग्रीक तत्त्वज्ञांवर इंग्रजीत प्रबंध लिहिणारा हा प्राध्यापक त्यांना गुरुस्थानी मानून राहिला. हेराक्लिटसवर लिहावे, ॲरिस्टॉटलने एलियाच्या तत्त्वज्ञांवर केलेल्या टीकेची छाननी करावी, आणि सुट्टी लागताच विजापूरकडच्या एका खेड्यात जाऊन भजनात उभे राहावे, असा तो क्रम होता. पुण्यातील विद्वान मंडळींना याचे कोडे पडत असले पाहिजे.

संकटेही थोडी आली नाहीत. घरावर मृत्यूचे आघात झाले आणि १९२० च्या सुमारास त्यांना स्वतःला क्षयाने गाठले. त्या काळी क्षय म्हणजे जवळजवळ अखेरची हाक समजत. कॉलेजातील नोकरी पुढे सुटली. सोलापूर-विजापूर लोहमार्गावर निंबाळ नावाचे एक लहान स्टेशन आहे. आजूबाजूला ज्वारीची काळी शेते आणि माळ. तेथे त्यांनी आपले बिऱ्हाड मांडले. आहार अगदी थोडा, देह काडीसारखा, बोलणे कमी, आणि ध्यान तासन्‌तास. याच मोडक्या देहाने त्यांनी पुढची दहा-बारा वर्षे जे काम केले ते धडधाकट माणसालाही झेपले नसते.

१९२४ साली पुण्यास तत्त्वज्ञान आणि धर्म यांच्या अभ्यासासाठी त्यांच्या पुढाकाराने एक संस्था निघाली. १९२६ साली उपनिषदांच्या तत्त्वज्ञानावरील त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांच्यासह भारतीय तत्त्वज्ञानाचा इतिहास सोळा खंडांत लिहिण्याचा संकल्प झाला. त्यांपैकी दोनच खंड निघाले : दुसरा १९२७ साली आणि सातवा, महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्काराविषयीचा, १९३३ साली. चौदा खंड संकल्पातच राहिले. पण या सातव्या खंडाने काय केले, हे मराठी माणसाने विसरू नये. आपले संत तोवर बाहेरच्या जगाला फार तर भक्तिगीते रचणारे साधुपुरुष म्हणून ठाऊक होते. रानड्यांनी त्यांना जगातील थोर अनुभवी पुरुषांच्या सभेत बरोबरीच्या आसनावर बसवले. ज्ञानेश्वरांत त्यांनी बुद्धीचा साक्षात्कार पाहिला, नामदेव व त्यांच्या अठरापगड सोबत्यांत लोकांचा, एकनाथांत समन्वयाचा, तुकोबांत व्यक्तीच्या तळमळीचा आणि समर्थांत कर्माचा. अशी वर्गवारी कुणाला काटेकोर वाटेल, कुणाला अपुरी. पण शतकानुशतके कीर्तनात ऐकलेल्या नावांकडे तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने पाहण्याची सवय तिने लावली, यात शंका नाही. मराठी वाचकांसाठी त्यांनी ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम, रामदास आणि इतर संतांची निवडक वचने विषयवार लावून वचनामृते सिद्ध केली. तीही पुष्कळ घरांतून पोथ्यांशेजारी ठेवलेली असत.

डोळ्यांवरची पट्टी

गुरूविषयी रानड्यांचे मत काय होते? उपनिषदांवरील ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात त्यांनी छांदोग्यातील एका दृष्टांताचा विचार केला आहे. गांधार देशातील एका माणसाला चोर पकडतात, डोळ्यांवर पट्टी बांधून दूर नेतात आणि निर्जन अरण्यात सोडून देतात. तो पूर्वेकडे तोंड करून ओरडतो, पश्चिमेकडे ओरडतो. कुणीकडे जावे ते कळत नाही. एक दयाळू वाटसरू येतो, पट्टी सोडतो आणि गांधार देश त्या दिशेला आहे, एवढे सांगतो. मग तो माणूस गावामागून गाव विचारीत आपल्या घरी पोहोचतो.

या गोष्टीत गुरूचे काम किती आणि शिष्याचे किती, हे मोजून पाहावे. वाटसरूने दोनच गोष्टी केल्या : पट्टी सोडली आणि दिशा दाखवली. त्याने त्या माणसाला खांद्यावर घेतले नाही, गाडी दिली नाही, घरापर्यंत सोबतही केली नाही. पण त्या दोन गोष्टी त्या माणसाला स्वतःच्या स्वतः करता येत नव्हत्या. हात बांधलेल्याला आपल्या डोळ्यांवरची गाठ कशी सुटणार? आणि पट्टी सुटली तरी रानात दिशा कोण सांगणार? गुरू कशाला हवा, याचे उत्तर यात आहे; आणि गुरूवर सगळा भार टाकून स्वस्थ बसणाऱ्यालाही यात उत्तर आहे. चालणे ज्याचे त्यालाच.

दृष्टांतातील आणखी एक खुबी सहसा ध्यानात येत नाही. तो माणूस वाटेत गावोगाव विचारीत जातो. म्हणजे पट्टी सुटल्यावर त्याची बुद्धी जागी आहे, तो चौकशी करतो, पडताळा घेतो, चुकलेली वाट सोडून नीट वाटेला लागतो. रानड्यांचे सारे तत्त्वज्ञान म्हणजे हे गावोगाव विचारणेच होय. प्लेटोच्या गावी विचारले, कांटच्या गावी विचारले, शंकराचार्यांच्या, ज्ञानदेवांच्या, कबीरांच्या, पुरंदरदासांच्या गावी विचारले. सगळ्यांनी एकाच दिशेला बोट दाखवले, तेव्हा आपली वाट बरोबर आहे अशी त्यांची खात्री पटली. साक्षात्काराच्या खरेपणाच्या ज्या कसोट्या त्यांनी सांगितल्या, त्यांत हीच सार्वत्रिकता मुख्य आहे. देश, काळ, भाषा निराळ्या असताना अनुभवी माणसांची साक्ष जुळली पाहिजे. आणि ज्याला अनुभव आला त्याची बुद्धी तीक्ष्ण, भावना निर्मळ व आचरण नीतीचे झाले पाहिजे. या कसोट्यांवर गुरू म्हणविणाऱ्या कितीतरी जणांचे सोने पितळ ठरेल. ज्याच्या सहवासाने शिष्याची बुद्धी मंद होते आणि ज्याच्या स्वतःच्या वागण्याला नीतीचा आधार नाही, त्याच्यापाशी चमत्कार कितीही असोत, त्याने कुणाची पट्टी सोडलेली नाही.

संगीतातील तालीम ज्यांनी घेतली आहे त्यांना हे लवकर उमगेल. ग्वाल्हेरच्या गायकीत शिकणाऱ्याला बुवा वर्षानुवर्षे एकच पलटा घोटायला लावीत. का, ते सांगत नसत. शिष्यही तो आधी घोटी आणि मग केव्हातरी एका सकाळी त्याला आपल्याच गळ्यातून त्याचे उत्तर मिळे. आधी विश्वास आणि मागून प्रचीती, हा क्रम केवळ परमार्थातच आहे असे नाही. फरक एवढाच की, प्रचीती कधीच आली नाही तर शिष्याने प्रश्न विचारावा, एवढी मोकळीक खऱ्या गुरूच्या घरी असते.

प्रयागचे दिवस

पंडित गंगानाथ झा हे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू असताना, १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी रानड्यांना तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून तिकडे नेले. निंबाळहून प्रयाग म्हणजे त्या काळी आगगाडीचा मोठाच प्रवास. पण हा संसार त्यांनी १९४६ पर्यंत चालवला; काही काळ कुलगुरुपदाचा भारही वाहिला. हिंदी मुलखात राहून त्यांनी हिंदी संतांचा जो अभ्यास केला, त्याचे फळ १९५४ साली ग्रंथरूपाने बाहेर आले. कानडी संतांवरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९६० साली, प्रसिद्ध झाला. मराठी, हिंदी, कानडी या तिन्ही भाषांतील संतांची वाट एकच आहे, हे जमखंडीच्या रस्त्यावर लहानपणी कानांवर पडलेले सत्य त्यांनी असे ग्रंथांतून सिद्ध केले.

या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र त्यांनी केली नाही. १९३३ साली अंबुराव महाराजांनी देह ठेवीपर्यंत त्यांनी स्वतः कुणाला नाम दिले नाही. नाम घेतल्याला बत्तीस वर्षे झाली होती, कीर्ती देशभर पसरली होती, शिष्य होऊ इच्छिणारे विद्यार्थी रोज समोर बसत होते. तत्त्वज्ञानाचा वर्ग त्यांनी घेतला. गुरूचे आसन मात्र वडीलधारे हयात असेतो रिकामेच ठेवले. आपल्याकडे जुन्या घरांत थोरले बंधू असेपर्यंत धाकटा कितीही कर्ता असला तरी देवघरातील पूजेचा मान थोरल्याचाच असे. तीच रीत येथे दिसते. पण तीमागे केवळ शिष्टाचार नाही. ज्याला शिष्यत्व पुरते साधले नाही त्याने गुरुत्वाला हात घालू नये, ही जाणीव आहे. आज बत्तीस दिवसांच्या साधनेवर गुरुपद मिरविणारे पाहिले म्हणजे त्या बत्तीस वर्षांचे मोल कळते.

पुढे नाम देऊ लागल्यावरही त्यांनी आपल्याभोवती थाटमाट वाढू दिला नाही. निंबाळला येणारे वकील असोत, न्यायाधीश असोत की शेतकरी असोत, त्यांना नेम एकच : ध्यान, भजन, दासबोध. ज्याचा त्याचा प्रपंच, ज्याची त्याची नोकरी चालू. ६ जून १९५७ रोजी निंबाळ येथेच त्यांचा देह पडला. समाधी तेथे आहे. बेळगावात त्यांच्या नावाचे मंदिर आहे आणि तुलनात्मक तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्थाही.

मूर्तीपेक्षा वाट

रानड्यांच्या आयुष्यात चमत्कार शोधणाऱ्याची निराशा होईल. क्षयाने पोखरलेला देह सदतीसएक वर्षे टिकला, हाच काय तो चमत्कार. पण सुशिक्षित माणसाला गुरूपुढे जी अडचण वाटते, तिचे उत्तर या चरित्रात मिळते. मेंढरे राखणाऱ्याने देशपांड्याला दिले, देशपांड्याने गणिताच्या मुलाला दिले, आणि मुलाने ते प्लेटो-कांटच्या तराजूत घालून पाहून मगच पुढे दिले. जात आडवी आली नाही, भाषा आडवी आली नाही, विद्याही आडवी आली नाही. आडवी येऊ शकत होती ती एकच गोष्ट, ती म्हणजे आपल्याला कुणाची गरज नाही असे वाटणे. ती त्यांनी पंधराव्या वर्षी बाजूला ठेवली आणि पुन्हा उचलली नाही.

आपल्या देवघरात ज्या कुणा सत्पुरुषाची तसबीर असेल त्याने आपल्याला कोणती दिशा दाखवली होती, आणि त्या दिशेने आपण किती गावे चाललो, हा प्रश्न ज्याने त्याने एकान्तात स्वतःला विचारावा. तसबिरीला हार घालणे सोपे आहे. वाटसरू दिशा दाखवून आपल्या वाटेने केव्हाच निघून गेलेला असतो. पट्टी सुटलेला माणूस मात्र अजून त्याच रानात त्याच्या पावलांच्या खुणांची पूजा करीत बसला असेल, तर दोष वाटसरूचा नव्हे.